हिरूबाईच्या नवऱ्याचा दावा

वकिली सोडून मी पगडी पेटीत ठेवली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर फिरायला निघालो की एखादा जुना पक्षकार हटकतोच. "रावसाहेब, तुम्ही आमचा बांधाचा दावा चालवला होता." मला बांध आठवत नाही, माणूसही आठवत नाही, मी मान डोलावतो. बांधांचे, गहाणांचे, वाटणीचे दावे आयुष्यभर चालवले, घर त्यांच्यावर चाललं, आणि त्यांतलं आज जवळजवळ काहीच लक्षात नाही. लक्षात राहिले ते निराळेच दावे. त्यांत एक माणूस दुसऱ्याच्या हयगयीने मेलेला असे आणि त्याच्या घरची माणसं कोर्टात उभी असत.

असा दावा लावता येतो हेच तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. ठाणे, कल्याण, भिवंडी, कुठेही कोणी अपघातात गेलं की पोलीस येत, पंचनामा होई, "अपघाती मृत्यू" असा शेरा पडे आणि घरचे लोक कपाळाला हात लावून परत जात. जुना न्याय तर मोठा विचित्र होता. कोणी निष्काळजीपणाने तुमचा पाय मोडला तर तुम्ही नुकसानी मागू शकत होता. पण त्याने तुम्हाला ठारच केलं, तर मागणारा उरला नाही म्हणून तो मोकळा! अठराशे पंचावन्न साली, म्हणजे आगगाडी ठाण्यापर्यंत आली त्यानंतर दोनच वर्षांनी, सरकारने कायदा करून ही गोष्ट बदलली. मेलेल्याची बायको, नवरा, आईबाप आणि मुलं यांच्यासाठी दावा लावता येऊ लागला. मात्र तो वर्षाच्या आत लावायचा आणि एवढंच दाखवायचं, की या माणसाच्या जाण्याने आमच्या पोटापाण्याचं काय नुकसान झालं. दुःख किती झालं, हे कोर्ट विचारत नाही. ते मोजायचं माप त्याच्यापाशी नाही.

आणि बायको, नवरा, आईबाप, मुलं यांच्यापलीकडे कोणी नाही. टिटवाळ्याकडची एक बाई माझ्याकडे आली होती. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिने कडेवर वाढवलं, त्याच्यासाठी स्वतःचा संसार मांडला नाही. तो दगडाच्या खाणीत सुरुंगाने गेला. मी तिला सांगितलं, "बाई, बहिणीला या कायद्यात जागा नाही." ती म्हणाली, "मग मी त्याची कोण?"

पण सांगायची आहे ती पोशाची हकीकत.

त्या वेळचं कल्याण आज सांगून खरं वाटायचं नाही. बंदरात गलबतं लागलेली असत. भाताच्या हंगामात नव्या भाताचा आणि सुक्या बोंबलांचा वास हवेत एकत्र मिसळे आणि आठ-आठ दिवस अंगरख्याला चिकटून राही. कोर्ट म्हणजे एक कौलारू बंगला. आम्ही वकील ओटीवर चटया टाकून बसत असू, पक्षकार समोर चिंचेखाली. सबजज्जसाहेब मोजकं बोलणारे, पण माणसाची कदर असलेले. लांबलेली उलटतपासणी ते मध्येच तोडत आणि म्हणत, "उरलेलं उद्या. भरती उतरायच्या आत या लोकांना होड्या मिळू द्या." घड्याळाबरोबर खाडीकडेही बघून चालणारं कोर्ट मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी मी ठाण्याच्या बिऱ्हाडी ओटीवर कागद पाहत बसलो होतो. खाडीकाठच्या कोळशेतचे दोघे कोळी भाऊ आले. थोरला नाथा, स्वतःच्या होडीचा तांडेल, रुंद छातीचा, आवाज असा की आतल्या खोलीतली माझी आई बाहेर डोकावली. धाकटा पोशा त्याच्यामागे उभा होता, अंग चोरून.

"साहेब, ह्यो माजा भाव," नाथा म्हणाला. "ह्याची बायको कल्यानला भिंतीखाली गेली."

पोशाची बायको हिरू म्हावरं विकायची. बाजाराच्या दिवशी भरतीबरोबर शेजाऱ्यांच्या होडीतून कल्याणला जायची आणि ओहोटीबरोबर परतायची. कल्याणला एका भाताच्या व्यापाऱ्याच्या वखारीची मागची भिंत होती. दुपारी तिथे सावली पडे, म्हणून सगळ्या कोळणी तिच्या कडेने टोपल्या मांडून बसत. त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं. शेटने आत भाताची पोती आढ्यापर्यंत रचली, आणि ती भिंतीला रेलून. भिंतीला पोट सुटलं. एका दुपारी ती बाहेरच्या अंगाला कोसळली. दोघीतिघी जखमी झाल्या. हिरू जागीच गेली.

तेराव्यानंतर शेटने कोळशेतला तांदळाचं एक पोतं धाडलं होतं. पोशाने ते उतरवू दिलं नाही. आलं त्याच होडीतून परत पाठवलं.

मी कागद पुढे ओढला आणि पोशाला विचारलं, "तू काय काम करतोस?"

उत्तर नाथाने दिलं. "माज्या होडीवर त्याची पाती हाय."

पाती म्हणजे होडीच्या कमाईतला वाटा. मी लेखणी खाली ठेवली आणि दोघांना कायदा समजावून सांगितला. पोशाला होडीचा वाटा मिळत असेल तर तो आपल्या पायावर उभा आहे. बायको गेल्याने त्याचं नुकसान थोडकंच धरलं जाईल. तो आणि त्याच्या दोन मुली हिरूच्या कमाईवर जगत असतील, तर गोष्ट निराळी.

पोशा जमिनीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "माजी पाती नाय, साहेब. कदीच नव्हती. हिरू म्हावरं इकाची, मी घर बघाचो. रांधाचो, म्हावरं सुकवाचो, पोरी मीच वाढवल्या."

नाथा ताडकन उठला. "ह्ये कोर्टात बोलशील? चार गावच्या लोकांपुढं? बायकोच्या जिवावर जगलो म्हनून? ह्याच्या थोरल्या काशीचं लगीन ठरलंय, साहेब. चेंदणीच्या होडीवाल्याचं घर हाय. त्यांना मी सांगतलंय, पोरीच्या बापाची माज्या होडीवर पाती हाय. ह्यो कोर्टात उभा ऱ्हायला तं पोर कोन घेल?"

"मग खोटं सांगायचं का?" मी विचारलं.

"मी सतरा वरसं त्येच सांगतंय," नाथा म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. पोशाने मला हात जोडले आणि तो त्याच्यामागे निघून गेला.

मला वाटलं, संपलं. पण आठवड्याभराने पोशा पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर थोरली मुलगी काशी होती. लग्नाच्या वयाची, आईसारखीच म्हणे सावळी आणि करारी. मी म्हटलं, "पोशा, तुझ्या लेकीला हे सगळं माहीत आहे ना? तिचं लग्न मोडू शकतं."

तो काही बोलायच्या आत काशीच म्हणाली, "मीच त्याला आनलाय. आये राबली ती राबली. ते काकाच्या नावावर कशाला लावाचं?"

मी दावा लिहिला.

शेटच्या बाजूने ठाण्याचे आप्पासाहेब उभे राहिले. आमच्यातले सर्वांत मुरलेले वकील. मला त्यांनीच उलटतपासणी शिकवली होती, आणि कल्याणला जाता-येता आम्ही एकाच डब्यात बसून एकाच तबकातलं पान खात असू. कोर्टात मात्र ते कोणाची भीड ठेवत नसत. त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. भिंतीचा पाया उंदरांनी पोखरला, त्यात शेटचा काय दोष? बाया तिथे आपण होऊन बसल्या, त्यांना कोणी बोलावलं होतं? आणि तिसरी, बायकोला नवरा पोसतो, नवऱ्याला बायको नव्हे. तेव्हा या नवऱ्याचं नुकसान ते कसलं?

उंदरांचा निकाल करीम गवंड्याने लावला. वखारीची डागडुजी तोच करायचा. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "दिवाळी सरताच मी शेटना सांगितलं होतं, भिंतीला पोट आलंय, पोती मागे घ्या, नाहीतर बाहेरून टेकू द्या. शेट म्हणाले, हंगाम आटपू दे." आप्पासाहेबांनी त्याला पुष्कळ फिरवलं. तो तेच सांगत राहिला. एकदा फक्त शेटकडे वळून म्हणाला, "शेट, तुमचं मीठ खाल्लंय. पण त्या बाईला मीच ढिगाऱ्यातून काढलं."

मग पोशाची साक्ष झाली. मागे चेंदणीची, कोळशेतची, कल्याणची कोळी मंडळी दाटीवाटीने उभी होती. हिरूबरोबर भिंतीला बसणाऱ्या बाया दाराशी होत्या. मी विचारलं तेवढं त्याने सांगितलं. हिरू किती वाजता निघायची, किती म्हावरं न्यायची, घरात काय आणायची, आणि मागे तो रांधायचा नि पोरींनाही शिकवायचा. मग माझ्या हातून तो निसटला आणि आपल्याच तंद्रीत बोलू लागला. "होडी वलनावर आली की ती हाक माराची, साहेब. लांब हाक. मी चुलीवर भात ठेवाचो. ती आंग धुऊन येई तवर भात व्हायाचा. आता बी त्या टायमाला मी…"

सबजज्जसाहेबांची लेखणी थांबली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे नोंदीत येत नव्हतं. पोशाला थांबवणं माझं काम होतं आणि मी ते केलं. "पोशा, विचारलं तेवढंच सांग." माझ्या धंद्यातलं ते वाक्य मी शेकडो वेळा उच्चारलं असेल. त्या दिवसाइतकं जड कधी गेलं नाही.

आप्पासाहेब उठले. "म्हणजे तुझी बायको तुला पोसत होती?"

"व्हय साहेब."

"पुरुष असून चुलीपुढे बसायची लाज नाही वाटली?"

मागे खसखस पिकली. पोशाने आप्पासाहेबांकडे नीट पाहिलं. "ती दमून याची, साहेब. दमलेल्या मानसाला गरम जेवान लागतं. ते मी कराचो. त्यात लाज कसली?"

हसू थांबलं. आप्पासाहेब बसले, पण त्यांच्याजवळ अजून एक साक्षीदार होता. त्यांनी नाथाला समन्स काढलं होतं.

हे मला दोन दिवस आधी कळलं होतं आणि मी झोपलो नव्हतो. बंदरावरचा जो तो सांगे की पोशाची भावाच्या होडीवर पाती आहे, कारण नाथानेच ते सगळीकडे सांगितलं होतं. तो आता शपथेवर तेच बोलणार होता. घराण्याची इभ्रत राखायला निघालेला भाऊ आपल्याच भावाचा दावा बुडवणार होता.

नाथा पिंजऱ्यात आला. आप्पासाहेबांनी विचारलं, "पोशाचा तुमच्या होडीत वाटा आहे?"

"हाय."

"दर खेपेला देता?"

"देतो."

मी उठलो. "कोणाच्या हातात देता?"

"हिरूच्या," नाथा म्हणाला. खरं-खोटं विचारायला ती आता नव्हती. मी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, ते सगळे पाण्यात गेले. मी बसलो.

इतक्यात पोशा जागेवरून उठला. पट्टेवाला त्याच्याकडे धावला, पण तो मोठ्याने बोललाच नाही. एवढंच म्हणाला, "दादा, हिरूनं मागं एकदा तुज्या पोराच्या दुखन्यात कानातलं काडून दिलं व्हतं. ते बी तूच दिलंस म्हनून सांग."

"बसा खाली!" साहेब म्हणाले. पण ते नाथाकडे बघत होते. साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली आणि स्वतः प्रश्न केला. "नाथा, तुमचा भाऊ होडीवर काय काम करतो? वल्हं, जाळं, शीड? काय ते सांगा."

नाथाचा तो आवाज, ज्याने माझी आई दचकली होती, कुठे गेला कोणास ठाऊक.

"साहेब," तो म्हणाला, "माज्या भावाला होडी सोसत नाय. बसला की वकतो. घेरी येते. आमच्या बानं लहानपनी मारून पायला, बांधून नेला, तरी जमलं नाय. कोल्याचा पोर नि पान्यात वकतो, कोनाला सांगाचं? मंग आये बोल्ली, ऱ्हाऊ दे त्याला घरात. लोकांना मीच सांगाला लागलो, पाती हाय म्हनून." मग कठड्यावर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "पाती नाय. कदी दिली नाय. हिरूनंच सगलं केलं. तिनं त्याला एक उना शबूद ऐकवला नाय. लाज माजी व्हती, साहेब. त्याची नव्हती."

पिंजऱ्यातून उतरून तो कोणाकडे न बघता सरळ बाहेर गेला.

रेल्वेच्या डब्यात त्या संध्याकाळी आप्पासाहेब माझ्यासमोर बसले होते. मुंब्र्याचा डोंगर मागे पडल्यावर म्हणाले, "तो लाजेचा प्रश्न मी विचारायला नको होता." मी त्यांना पान दिलं.

त्यानंतर निकाल लागेपर्यंत दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, असं माझ्या कानावर येत होतं. मध्ये एकदा माझ्या ओटीवर एक धिप्पाड कोळीण येऊन उभी राहिली. हातात पाटली, डोक्यावर रिकामी टोपली. काशीची होणारी सासू, चेंदणीची. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

"वकीलसाहेब, खरं सांगा," ती म्हणाली. "त्यो पोशा कोर्टात बोल्ला ते खरं? पोरींना रांधाला त्यानंच शिकवलं?"

"शपथेवर सांगितलंय त्याने. बाई, पाती नाही म्हणून तुम्ही…"

"पातीला काय करू? माजा नवरा पाती घेतो नि माडी पितो." तिने टोपली डोक्यावर सरळ केली. "मना इतकंच बगाचं व्हतं, मानूस खोटा हाय का खरा. नाथा खोटा बोल्ला, त्याचा राग हाय मना. पोरीच्या बापाचा नाय." आणि ती गेली. लग्न ठरल्या दिवशी झालं.

निकाल उन्हाळ्यात लागला. साहेबांनी लिहिलं होतं की करीमने सांगूनही शेटने पोती हलवली नाहीत, ही उघड हयगय; बाया तिथे वर्षानुवर्षं बसत होत्या आणि शेटने कधी हरकत घेतली नाही; आणि कायद्यात बायकोबरोबर नवऱ्याचंही नाव आहे, ते उगाच नाही. नवरा आणि दोन्ही मुली हिरूबाईच्या श्रमांवर जगत होते, हे शाबीत झालं. हुकूमनामा पोशाच्या बाजूने झाला. आप्पासाहेबांनी शेटला अपील करू नका असा सल्ला दिला, आणि शेटने तो ऐकला. धाकटीच्या लग्नापर्यंत घर चालेल एवढं मिळालं. अशा दाव्यांत याहून जास्त कधी मिळत नाही.

मी पोशाला निकाल समजावून सांगितला. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, हाकेचं नाय लिवलं कं त्यात?"

"नाही पोशा. ते लिहीत नाहीत."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, पण माझ्यावर राग नव्हता.

तो नेहमीप्रमाणे ठाण्यापर्यंत गाडीने आणि पुढे कोळशेतपर्यंत पायी जाणार होता. गाडीला अजून वेळ होता, म्हणून आम्ही बोलत बोलत बंदराकडे आलो. ओहोटी नुकतीच लागली होती. परतीच्या होड्या सुटत होत्या, बाया टोपल्या चढवत होत्या. धक्क्याच्या टोकाला नाथाची होडी होती आणि नाथा तिच्यात उभा होता. तो निकालाला कोर्टात आला नव्हता. भावाला बघून तो धक्क्यावर चढला आणि समोर येऊन उभा राहिला. हिरूच्या सोबतच्या बाया टोपल्या हातात धरून थबकल्या.

"उन लय हाय," नाथा म्हणाला. "चालत नको जाऊ. चल."

"मना सोसत नाय, ठाव हाय ना तुला."

"ठाव हाय." नाथा वळला आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात वल्हेकऱ्यांना ओरडला, "अरे ए! आज धीरानं मारा. माज्या भावाला होडी सोसत नाय!"

कोणी हसलं नाही. एका बाईने आपली टोपली बाजूला सारून मधे जागा केली. पोशा माझ्याकडे बघून हसल्यासारखा झाला, त्याने धोतर सावरलं आणि तो भावाचा हात धरून होडीत उतरला.

होडी निघाली. मी तिथेच उभा राहिलो. दोन-चार वल्ह्यांतच पोशा होडीच्या कडेवर ओणवा झाला. नाथाने एका हाताने सुकाणू धरलं होतं आणि दुसरा हात भावाच्या पाठीवर ठेवून तो ती सावकाश चोळत होता. होडी वळणाआड जाईपर्यंत तो हात तसाच फिरत होता.